बाबालाल आणि टेबलावरचं कापड

परवा धाकट्या लेकीकडं जेवायला गेलो होतो. जावयानं नवीन टेबल घेतलंय, सागवानी. लेकीनं त्यावर पांढरंधोट कापड टाकलं, ताटं मांडली आणि मला हाक मारली. मी खुर्ची ओढली, पण बसायच्या आधी वाकून कापडाची मधली घडी टेबलाच्या बरोबर मध्यावरून गेलीय का ते बघायला लागलो. घडी चार बोटं डावीकडं सरकली होती. ती सरळ करायला मी ताटं उचलायला लागलो तशी लेक खेकसलीच, “आबा, जेवा की आता! काय तपासणी लावलीया?” जावई हसला. मी गुमान बसलो, पण घास काही नीट उतरला नाही. लक्ष सगळं त्या घडीवर.

ही खोड मला बाबालालनं लावली. बाबालाल बटलर. आता कोल्हापुरात त्याला ओळखणारं कुणी उरलं असेल असं वाटत नाही. महाराजांच्या कारकिर्दीत, गावात रेल्वे येऊन थोडीच वर्षं झाली होती तेव्हा, दरबारच्या पाहुण्यांच्या बंगल्यावर मी कारकून होतो आणि बाबालाल तिथं टेबल मांडायचा. तेव्हा आपल्या गावात टेबलावर जेवणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. साहेब लोक आले की बंगल्यात धांदल उडायची. काटा कुठल्या हाताला आणि चमचा कुठल्या, यावरून आमच्या आचाऱ्यांत हाणामारी व्हायची वेळ यायची.

बाबालाल उंच, सुकट, काळासावळा. उजव्या भुवईवर एक व्रण. चालताना दोन पायांत हातभर अंतर ठेवायचा, का तर सात वर्षं आगबोटीवर काढलेली. बारा वर्षं कोल्हापूरच्या तांबड्या मातीवर राहिला तरी त्याची ती फताडी चाल गेली नाही. आणि दुसरी खोड म्हणजे कुठलीही वस्तू कडेला ठेवलेली त्याला चालत नसे. मी दौत टेबलाच्या कडेला ठेवली की जाता जाता हात घालून मध्ये सरकवायचा आणि म्हणायचा, “बोट हालली तर?”

“अरं बाबा, ही बोट न्हवं, कोल्हापूर हाय!”

“हां हां. पर हालली तर?”

संतू परीट बंगल्याचे कपडे धुवायचा. त्याची बायको तान्हं पोर ओट्याच्या कडेला निजवून कपडे वाळत घालत होती, तर ह्यानं जाऊन पोराला उचलून मधोमध ठेवलं. “बोट हालली तर?” संतूची बायको पहिल्यांदा भांडली, मग हसली, आणि पुढं स्वतःच तसं म्हणायला लागली.

आता हा बोटीवरचा माणूस बंगल्यावर कसा अडकला ते सांगतो. बाबालाल मूळचा कोल्हापूरचाच, मोहल्ल्यातला. पोरवयात घरातून पळून मुंबईला गेला आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यानं जाणाऱ्या एका आगबोटीवर लागला. आधी भांडी घासायला, मग वरच्या वर्गाच्या जेवणघरात टेबल मांडायला. झांजीबार बंदरात रत्नागिरीकडची काही मुसलमान कुटुंबं राहात होती, त्यातल्या एकाची मुलगी मरियम, तिच्याशी त्याचा निकाह झाला. मुलगी झाली, हलीमा. बोट दर फेरीला झांजीबारला लागायची आणि हा चार-पाच दिवस घरी राहायचा. असं चाललं होतं. मग कोल्हापूरहून निरोप गेला की आईला अर्धांग झालंय. दोन महिन्यांची रजा घेऊन तो आईला बघायला आला. हलीमा तेव्हा तीन वर्षांची होती.

नेमका त्याच आठवड्यात बंगल्यावर आठ साहेब आणि दोन मडमा उतरायच्या होत्या, आणि आमचा टेबल मांडणारा तापानं पडलेला. बंगल्याचे मुख्य रावसाहेब. त्यांना कुणीतरी सांगितलं की मोहल्ल्यात एक बोटीवरचा बटलर आलाय. पट्टेवाला धावला आणि बाबालालला घेऊन आला. रावसाहेब म्हणाले, “चार दिवसांचं काम आहे. दाखला आहे का?”

दाखला होता. पत्र्याच्या नळीत गुंडाळलेला, बोटीच्या कप्तानाची सही-शिक्का असलेला. माणूस कसा, काम कसं, दिसायला कसा, सगळं त्यात लिहिलेलं. तो कागद असला तरच पुन्हा बोटीवर घेत. रावसाहेबांनी तो वाचला, पुन्हा नळीत घातला आणि मला म्हणाले, “पेटीत ठेवा.” लोखंडी पेटी माझ्या खोलीत होती. किल्ली माझ्या करगोट्याला, हुकूम त्यांच्या तोंडात. मी ठेवला. त्यात गैर काय होतं? चार दिवसांचा तर प्रश्न होता.

पहिल्या जेवणाला एक गंमत झाली, आणि त्या गमतीनंच त्याचा घात केला. दर्या खवळला की आगबोटीवर टेबलावरची चादर पाण्यानं ओलसर करतात. कापडाला तो चादरच म्हणायचा. ओल्या कापडावरून ताटल्या घसरत नाहीत. आता त्या दिवशी रावसाहेब इकडून ओरडतायत, आचारी तिकडून ओरडतोय, पाहुणे दारात आलेले. बाबालाल गांगरला, आणि हाताच्या सवयीनं त्यानं तांब्या घेऊन सगळ्या चादरीवर पाणी शिंपडलं. रावसाहेबांनी बघितलं.

“हे काय?”

हा घाबरून म्हणाला, “बोटीवर असंच करत्यात, साहेब.”

खोटं थोडंच होतं? रावसाहेबांनी मान डोलवली. आठ साहेब आणि दोन मडमा बसल्या. मडमांच्या हातांच्या झालरी भिजल्या, साहेबांची कोपरं भिजली. शेवटी एका पिकल्या मिशांच्या साहेबानं चादरीवर पालथा हात फिरवला, वास घेतला आणि असा हसत सुटला म्हणता, डोळ्यांतून पाणी! म्हणाला, कोल्हापुरात वादळ यायचंय वाटतं आज. मग त्यानं सगळ्यांना बोटीवरची वादळं सांगितली. मंडळी खूश. जाताना त्यानं बाबालालला बोलावून सगळ्यांदेखत त्याचा हात हातात घेतला. रावसाहेबांची छाती फुगली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला बोलावलं आणि बाबालालच्या नेमणुकीचा हुकूम लिहायला सांगितला. कायम नेमणूक.

आणि वर दुसरा हुकूम, की इथून पुढं प्रत्येक जेवणाला चादर ओली करायची. का तर साहेब लोकांत तशी रीत आहे! बाबालालनं हात जोडून सांगितलं की साहेब, ते वादळापुरतं असतं. रावसाहेब म्हणाले, “तू मला शिकवू नकोस.” दोन वर्षं आमच्याकडं आलेले साहेब ओल्या बाह्यांनी जेवले. एका डॉक्टर साहेबानं सर्दीची तक्रार केली तेव्हा कुठं ते थांबलं.

रावसाहेब दुष्ट होते असं मी म्हणणार नाही. मुलाबाळांत रमणारे, देवभोळे गृहस्थ. पण भित्रे, अतोनात भित्रे. एखादा साहेब नाराज होऊन गेला आणि वर शब्द पोचला तर आपलं काय होईल, या एका भीतीवर त्यांचा दिवस उगवायचा आणि मावळायचा. बाबालाल मिळाल्यापासून ती भीती जरा कमी झाली होती. मग ते त्याला सोडतात कशाला?

पहिली दोन-तीन वर्षं बाबालालनंही फार नेट लावला नाही, कारण घरी म्हातारी अंथरुणाला खिळलेली. तिला टाकून जाववेना. झांजीबारची पत्रं यायची. तिथल्या कुणा रत्नागिरीच्या कारकुनाकडून मरियम ती लिहून घ्यायची, मोडीत. बाबालालला वाचता येत नव्हतं, म्हणून मागच्या सोप्यात मी वाचायचो. तो कधी बसून ऐकायचा नाही. उभा. एकदा वाचून झालं की म्हणायचा, “आता पुन्यांदा.” दुसऱ्या वेळी डोळे मिटून घ्यायचा. हलीमा आता बंदराचा रस्ता ओळखते. हलीमा बोटीचा भोंगा वाजला की दारात जाऊन बसते. असलं ऐकायचं आणि तसंच आत जाऊन चादरीला इस्त्री करायची.

प्लेगच्या साली गाव मोकळं करून लोक माळावरच्या झोपड्यांत गेले. पासाशिवाय कुणाला हलता येईना. स्टेशनावर पोलीस, नाक्यावर पोलीस. सगळे कावलेले. मी चिडून काहीतरी बोललो तेव्हा बाबालाल म्हणाला, “कारकूनसाब, आता समद्या गावाला कळंल मला कसं वाटतंय ते.” त्याच झोपड्यांत त्याची आई गेली. चाळीस दिवस झाले आणि तो रावसाहेबांपुढं जाऊन उभा राहिला. “साहेब, माझा दाखला द्या. माझी बायकापोरं दर्यापार हाईत.”

“पुढच्या महिन्यात बघू. तुझ्या जागी माणूस तयार कर आधी.”

त्यानं तयार केला. एक नाही, तिघं. घडी कशी धरायची, चादर एका झटक्यात कशी सोडायची, चारी कोपरे जमिनीपासून सारखे कसे लोंबले पाहिजेत, सगळं शिकवलं. तिघंही चांगले होते. रावसाहेब यायचे, वाकायचे, एक डोळा मिटायचे आणि म्हणायचे, “घडी वाकडी आहे.” घडी वाकडी नव्हती. मी बघितलीय. सुतासारखी सरळ होती. पण घडी सरळ की वाकडी हे ठरवणार कोण? ते माप बाबालालनंच त्यांना शिकवलेलं.

शेवटी एका दुपारी तो निघून गेला. दाखल्याशिवायच. मुंबईत जुनी माणसं ओळखतील, कुणीतरी घेईल बोटीवर, एवढ्या आशेवर. तासाभरात रावसाहेब माझ्या खोलीत आले. घामानं डबडबलेले. “तार लिहा. मिरज स्टेशनला. नोकर बाबालाल, चांदीचा चमचा घेऊन फरारी.”

मी म्हणालो, “साहेब, चमचा तर...”

“लिहा.”

मी लिहिली. चमचा खणात होता, मला माहीत होतं, आणि मी लिहिली. दोन दिवसांनी दोन पोलिसांच्या मध्ये चालत बाबालाल बंगल्यावर आला. पागोटं सुटलेलं. रावसाहेबांनी खण उघडून चमचा काढला, म्हणाले, “अरेच्चा, हा इथंच होता की! चुकून झालं.” पोलीस गेले. पण त्या ‘चुकून’चा अर्थ त्यालाही कळला आणि मलाही. पुन्हा गेलास तर चोर म्हणून येशील, मग कुठल्या बोटीवर उभा करतील तुला?

तो माझ्या दारात येऊन उभा राहिला. “तार तुमी लिवली?”

“व्हय.”

“चमचा खणात हाय हे म्हाईत हुतं?”

“हुतं.”

तो आत गेला आणि संध्याकाळच्या टेबलाची तयारी करायला लागला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तीन महिने त्यानं माझ्याकडं पत्र आणलं नाही. मोहल्ल्यात, बाजारात, कुणाकुणाकडून वाचून घ्यायचा प्रयत्न केला. पण झांजीबारच्या त्या कारकुनाची मोडी गावात कुणाला लागेना. एका सकाळी तीन पत्रं घेऊन सोप्यात आला, माझ्यापुढं धरली आणि म्हणाला, “वाचा.” मी वाचली. दोनदा. माफी मागायला पाहिजे होती, ती काही मागता आली नाही मला.

त्यानंतर त्यानं जे केलं ते दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. तो म्हणाला, “कारकूनसाब, ह्या चादरीनं मला धरून ठिवलंय. चादरच गेली तर?”

“म्हणजे?”

“टेबलावर चादर टाकायचीच बंद केली, तर मांडणारा लागतोय कशाला? नुसत्या लाकडावर ताटली कुनीबी ठिवंल.”

मला हसू आलं, पण त्याचं तोंड बघून गिळलं. ज्या माणसाचे हात त्या कापडावर असे फिरायचे, तोच कापड काढून टाका म्हणत होता. एरवी तो मला सांगायचा, कापड हवंच म्हणून. कापडानं काट्याचा आवाज मरतो. कापड असलं की साहेबसुद्धा हळू बोलतो. लाकूड उघडं असलं की माणूस कोपरं टेकतो, हात आपटतो, भांडतो. “आमच्यात जेवायला दस्तरखान भुईवर हातरत्यात, त्याला पाय लागू देत न्हाईत. सायबानं त्योच उचलून वर टाकला. अन्नाखाली कायतरी पायजेच की.” हे त्याचं खरं मत. आणि आता उलटं बोलायचं होतं.

संधी आली. रावसाहेबांनी नवं टेबल करून घेतलं. वीस माणसांचं, एकसंध फळ्यांचं. जुन्या चादरी त्याला पुरेनात. नव्या मागवायच्या की काय, म्हणून जेवणघरात सगळ्यांना बोलावलं. रावसाहेब, मी, संतू परीट, दोन आचारी आणि बाबालाल. बाबालाल खाकरला. “साहेब, नव्या आगबोटींवर आता चादर टाकत न्हाईत. लाकडावरच जेवत्यात.”

रावसाहेब दचकले. “कुणी सांगितलं?”

“पत्र आलंय, झांजीबारचं. कारकूनसाबनी वाचलंय.”

पत्र माझ्या खिशात होतं. त्याच सकाळचं. रावसाहेब माझ्याकडं वळले. “वाचा बघू.”

अहो, त्या पत्रात काय होतं? हलीमाचे पुढचे दोन दात पडलेत. मोठं मांजर गेलं. भिंतीवर बाबाची टोपी टांगलेली असते तिला ती कुणाला हात लावू देत नाही. मी पत्र उलगडलं. बाबालाल माझ्याकडं बघत होता. मी घसा साफ केला आणि हलीमाच्या दातांवर बोट ठेवून वाचलं, “हल्ली आलेल्या मोठ्या बोटींवर जेवणघरातील मेजांवरची कापडे काढून टाकिली आहेत.” मांजरावर बोट ठेवून वाचलं, “लाकडास चकाकी आणितात व त्यावरच ताटे मांडितात.” आणि टोपीवर आल्यावर वाचलं, “उंची लोकांत हीच चाल पडली आहे.” आयुष्यात एवढं सफाईनं खोटं मी पुन्हा कधी वाचलं नाही. तार लिहितानाही हात इतका स्थिर नव्हता.

संतूला विचारलं. तो बिचारा मनापासून बोलला, “रश्श्याचा डाग निगत न्हाई साहेब. घासून घासून माझी नखं गेली. काढा ते कापड!” आचाऱ्यांनी माना हलवल्या. रावसाहेबांना ‘उंची लोकांत’ हे शब्द लागले होते. चादर गेली. बाहेर आल्यावर बाबालालनं माझा दंड धरला, “महिन्याभरात सुटतो बघा मी.” त्याचं हसणं मी पहिल्यांदा बघितलं.

महिन्यानं मोठे पाहुणे आले. लाकूड उघडंच राहणार, तर निदान स्वच्छ दिसावं, म्हणून बाबालालनं आठ दिवस टेबल घासलं. मेण, तेल, लोकरीची चिंधी. काम हातात आलं की ते वाईट करणं त्याला जमतच नव्हतं. दिवे लावले आणि सगळ्या ज्योती खाली लाकडात उतरल्या. पाहुणा साहेब खुर्चीत बसायच्या आधी टेबलाला प्रदक्षिणा घालून आला. “हे कुणी केलं?” रावसाहेबांनी अभिमानानं बोट दाखवलं. झालं! टेबलाची चकाकी राखणारा दुसरा माणूस सबंध संस्थानात नाही, असं ठरलं. वर पुढच्या पाहुण्यांतली एक मडम म्हणाली, चादर असती तर शोभलं असतं. मग चादरीही परत आल्या. म्हणजे आता चादरही त्याच्याकडं आणि चकाकीही त्याच्याकडं. संतूनं कपाळावर हात मारला. बाबालाल माझ्याजवळ येऊन एवढंच म्हणाला, “मीच बांधलं की हो मला.”

त्यानंतर आठ वर्षं. काय सांगू त्या वर्षांचं? पाहुणे आले, गेले. बाबालालनं दाखल्याचं नाव काढणं सोडलं. पत्रं यायची, मी वाचायचो. हलीमा कुराण वाचायला लागली. हलीमा आईच्या खांद्याला लागली. तो उभा राहून ऐकायचा. फक्त “पुन्यांदा” म्हणायचं त्यानं बंद केलं होतं. त्याचे केस पांढरे झाले. किल्ली माझ्या कंबरेला होती. रोज अंघोळीच्या वेळी ती काढून ठेवायचो आणि पुन्हा बांधायचो. माझीही नोकरी होती, पोरं होती, मलाही भीती होती. खोटं कशाला बोलू?

मग ते पत्र आलं. हलीमाचा निकाह ठरलाय, शाबान महिन्यात. पोरगी म्हणते बाबा आल्याशिवाय नको, पण मुलाकडचे थांबायला तयार नाहीत. पत्र आमच्या हातात पडलं तेव्हा शाबान निम्मा सरला होता. बाबालालनं ते माझ्या हातातून घेतलं, वाचता येत नव्हतं तरी दोन्ही बाजू बघितल्या आणि थेट रावसाहेबांकडं गेला. मी मागोमाग.

रावसाहेब शांतपणे म्हणाले, “अरे, तू पोचेपर्यंत लग्न होऊन महिना झालेला असेल. मग जाऊन करणार काय? आणि पुढच्या पंधरवड्यात पाहुणे आहेत.”

बाबालाल तसाच मागं फिरला. मी त्याला जेवणघरात जाताना बघितलं. त्यानं कपाटातून चादर काढली, टेबलावर टाकली आणि पहिल्यांदाच घडी सरळ न करता तशीच सोडून खुर्चीत बसला. साहेबांच्या खुर्चीत. दोन्ही कोपरं टेकून, तोंड हातात धरून रडला. मला ते बघवेना.

रावसाहेब रोज सकाळी चहा पिता पिता सह्या करायचे. कागद मी धरायचो, खालचा कोपरा तेवढा पुढं करायचो, ते सही करायचे. वाचायचे कधीच नाहीत. इतक्या वर्षांचा विश्वास. दुसऱ्या दिवशी सकाळी गठ्ठ्यातला सातवा कागद माझ्या हातचा होता. बाबालाल बटलर याची रजा मंजूर, त्याचा दाखला परत देण्यात यावा, चमचे, काटे व चादरी यांचा ताबा त्याच्याकडून पूर्ण मिळाला आहे. तो कागद आला तसा माझा हात लटलटायला लागला.

“काय हो, हात का कापतोय?”

“हिवताप, साहेब.”

“क्विनाईन घ्या,” म्हणाले आणि सही केली.

मी खोलीत आलो, पेटी उघडली. नळीवर गंज चढला होता. मागच्या सोप्यात बाबालाल चांदीला राख लावत होता. मी नळी त्याच्या पुढ्यात धरली आणि सहीचा कागद दाखवला. त्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो म्हणाला, “दाखल्यात काय लिवलंय ते वाचा.” मी वाचलं. वागणूक उत्तम. काम उत्तम. उजव्या भुवईवर व्रण. केस काळे.

“केस काळे?” त्यानं डोक्यावरून हात फिरवला. “दाखला खोटा ठरंल की हो!” आणि दोघंही हसलो, डोळे पुसत.

“बाबालाल, त्या तारेचं...” मी सुरुवात केली.

“ऱ्हाऊ द्या आता,” तो म्हणाला. “गाडी कितीला हाय?”

दुपारच्या गाडीला मी त्याला पोचवायला गेलो. एक गाठोडं आणि ती नळी, एवढंच सामान. स्टेशनावर गर्दी होती. मला बोलल्याशिवाय राहवेना. रावसाहेबांचं बोलणं डोक्यात घोळत होतं.

“लगीन तर झालं असंल रं आता.”

“व्हय की. झालंच असंल.”

“मग?”

“मग काय? नवरा बघितला असंल तिनं,” तो गाठोडं खांद्यावर टाकत म्हणाला. “बाप बघायचा ऱ्हायलाय की अजून.”

तो डब्यात चढला, माणसं सारत सारत पलीकडच्या खिडकीला जाऊन बसला. मी इकडून हात वर करून उभा राहिलो. शिट्टी झाली. शेजारच्या पावण्याला तो काहीतरी विचारत होता, बहुतेक मिरज कधी येतंय म्हणून. गाडी हलली. त्याचं तोंड इंजिनाकडं होतं, आणि डबा दिसेनासा होईस्तोवर तिकडंच राहिलं. एकदाही त्यानं मागं वळून बघितलं नाही. मला फार बरं वाटलं.